हाकेला ओ देणाऱ्या पंडिता रमाबाई

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा माझ्याकडून एखादी पाककृती किंवा प्रवासवर्णन येईल, अशीच सर्वांची कल्पना असणार. दरवर्षी मी तेच देत आले. परंतु गेल्या वर्षी आपल्या मंडळात एक लहानशी गोष्ट घडली, तिने माझ्या मनाला अजून स्वस्थता लाभू दिलेली नाही. म्हणून ह्या वर्षी एका थोर बाईचे चरित्र लिहावयास घेतले आहे. भगिनींनी ते गोड मानून घ्यावे. माझी गोष्ट शेवटी सांगेन.

पंडिता रमाबाईंचे नाव मी प्रथम ऐकले ते आजीच्या तोंडून, आणि तेही चांगल्या अर्थाने नव्हे. कुणी मुलगी फार शिकू लागली, उलटून बोलू लागली, की आजी म्हणे, हिची रमाबाई होणार. रमाबाई बाटल्या, एवढेच आमच्या घराला त्यांच्याविषयी ठाऊक होते. पुढे माझे सासर दौंडकडचे झाले. पुण्याहून गाडीने जाताना केडगाव स्टेशन लागे. तेथे रमाबाईंचे मुक्तिसदन आहे हे माहीत असूनही, मी पुष्कळ वर्षे खिडकीतून नुसती पाहत पुढे जात राहिले. माणसाचे मन पूर्वग्रहाला किती घट्ट धरून बसते पाहा!

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान होते. बायकोला संस्कृत शिकविले म्हणून त्यांना ब्रह्मवृंदासमोर जाब द्यावा लागला होता. गावात राहून कटकटी नकोत, म्हणून त्यांनी रानात आश्रम बांधला आणि तेथे लक्ष्मीबाईंना शिकविले. पुढे त्या माउलीने भल्या पहाटे मांडीवर घेऊन लेकीला श्लोक शिकविले. रमाबाई सहा महिन्यांच्या असतानाच शास्त्रीबुवांची जमीन व पैसा संपत आला आणि कुटुंब तीर्थयात्रेला निघाले. तान्ह्या रमेला वेताच्या पेटाऱ्यात घालून डोंगर उतरविले. त्या दिवसापासून ह्या मुलीला घर असे राहिलेच नाही. देवळाच्या ओवरीत किंवा घाटावर बसून शास्त्रीबुवांनी पुराण सांगावे, जे मिळेल त्यातून दानधर्म करावा आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असे वर्षानुवर्षे चालले. त्या वाटेवरच रमाबाईंना भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले.

मग दक्षिणेत १८७६-७७ चा मोठा दुष्काळ पडला. शास्त्रीबुवा वृद्ध झाले होते, डोळ्यांनी दिसत नव्हते. जवळ होते नव्हते ते भांडे, दागिना, वस्त्र सर्व विकून झाले. शास्त्रविद्येखेरीज दुसरे काम ठाऊक नाही आणि भीक मागावयाची लाज. झाडाची पाने खाऊन दिवस काढावे लागले. त्या हालांत वडील गेले. जाण्यापूर्वी त्यांनी आपल्या ह्या धाकट्या लेकीला जवळ घेऊन देवाच्या स्वाधीन केले आणि सन्मार्गाने वागावयास सांगितले. ते त्या जन्मभर विसरल्या नाहीत.

त्यांच्यामागून आईची पाळी आली. तापात पडलेली ती माउली भ्रमात खावयास मागू लागली. घरात कण नव्हता. शेवटी रमाबाई धीर करून शेजारच्या एका ब्राह्मण बाईंच्या दाराशी गेल्या. तोंडातून शब्द फुटेना, डोळ्यांतून पाणी मात्र वाहू लागले. त्या बाईंनी आपण होऊन काय पाहिजे ते विचारले आणि बाजरीच्या भाकरीचा तुकडा हातावर ठेवला. रमाबाई धावत घरी आल्या, पण आईला तो खाण्याची शक्तीच उरली नव्हती. ती गेली. तिरडीला खांदा द्यावयास चार माणसे मिळेनात. दोघा ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथ्या रमाबाई. उंची कमी, म्हणून खांद्यावर न घेता डोक्यावर घेऊन त्यांनी आईला स्मशानात पोचविले. ह्यानंतर थोड्याच दिवसांत थोरली बहीणही गेली.

भगिनींनो, तो भाकरीचा तुकडा लक्षात ठेवा. पुढच्या साऱ्या आयुष्याचे मूळ मला त्यात दिसते.

उरलेली दोघे भावंडे पायी उत्तरेकडे निघाली. पंजाबात झेलम नदीच्या काठी थंडीने जीव जाण्याची वेळ आली, तेव्हा वाळूत खड्डे खणून त्यांनी अंगावर वाळू ओढून घेतली. मूठभर दाणे पाण्यात भिजवून मिठाबरोबर खावे, असे दिवस. असे करीत १८७८ साली ती कलकत्त्यास पोचली. वीस वर्षांची मुलगी संस्कृतात अस्खलित बोलते हे पाहून तेथील पंडितमंडळी थक्क झाली. त्यांनी तिची परीक्षा घेऊन पंडिता आणि सरस्वती ह्या पदव्या दिल्या. पण सुख टिकावयाचे नव्हते. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी ह्या बंगाली वकिलांशी जात न पाहता लग्न केले. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीही गेले. दोन वर्षांचाही संसार झाला नाही. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर तान्ही मुलगी, सासर-माहेर दोन्हींकडे आधार नाही.

त्या वर्षी त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे वगैरे सुधारक मंडळींनी त्यांचे स्वागत केले, आणि रमाबाईंनी आर्य महिला समाज स्थापन केला. आज आपण हळदीकुंकवाला जमतो, सभा घेतो, हिशेब लिहितो, अध्यक्ष निवडतो, ह्याचे काही वाटत नाही. त्या काळी बायकांनी सभेसाठी घराबाहेर पडणे हेच मोठे धाडस होते. आपल्यासारख्या मंडळांची ती पणजी म्हणावयास हरकत नाही. त्याच साली सरकारच्या शिक्षण कमिशनपुढे साक्ष देताना, मुलींना शिकविण्यास शिक्षिका आणि बायकांना तपासण्यास स्त्री डॉक्टर हव्यात, असे त्यांनी मांडले. स्वतः डॉक्टर व्हावे म्हणून १८८३ साली त्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. पण कानांना कमी ऐकू येऊ लागले होते, त्यामुळे वैद्यकीचा मार्ग बंद झाला. इकडचा मार्ग बंद झाला तरी दुसरीकडचा उघडला, आणि मला जे सांगावयाचे आहे ते येथेच आहे.

वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात त्या उतरल्या होत्या. त्या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथे एक घर दाखवावयास नेले. वाट चुकलेल्या, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी ते घर होते. अशा बायकांची सावलीही घेऊ नये, धर्मग्रंथांत त्यांना कठोरातली कठोर शिक्षा सांगितली आहे, हेच रमाबाई लहानपणापासून शिकत आल्या होत्या. येथे पाहतात तो चांगल्या घरच्या बायका त्यांची सेवा करीत आहेत, त्यांच्याशी प्रेमाने बोलत आहेत आणि त्यांतल्या काहीजणी सुधारून इतरांच्या उपयोगी पडत आहेत! रमाबाईंनी विचारले, तुम्हांला ह्यांच्याविषयी एवढी माया कशी वाटते? तेव्हा एका भगिनीने त्यांना येशू आणि शोमरोनी बाई ह्यांची कथा वाचून दाखविली. त्या वेळी आपल्या मनात काय पालटले, ते रमाबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. एवढे शास्त्र पाठ, एवढ्या पदव्या, स्वतः एवढे भोगलेले, आणि तरी ज्यांना कुणी जवळ करीत नाही त्यांच्याविषयी दया आपल्याला शिकावी लागली, हे कबूल करावयास मन मोठे लागते.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आपल्याकडे त्यामुळे मोठे वादळ उठले. मी स्वतः आमच्या घरच्या देवांपुढे रोज दिवा लावणारी बाई आहे. त्यांचे हे पाऊल बरोबर की चूक, ह्याचा निवाडा मी करणार नाही. एवढे मात्र खरे, की धर्म बदलला तरी त्यांनी देश बदलला नाही. पांढरे सुती लुगडे आणि शाकाहार अखेरपर्यंत सुटला नाही. धर्मगुरूंपुढेही त्यांनी बुद्धी गहाण ठेवली नाही, न पटले तर त्यांच्याशीही वाद घातला.

१८८६ साली डॉक्टर आनंदीबाई जोशी ह्यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस फिलाडेल्फियाला गेल्या आणि दोन-अडीच वर्षे तेथेच राहिल्या. गावोगाव व्याख्याने दिली. हिंदू विधवांची स्थिती सांगणारे इंग्रजी पुस्तक लिहिले. बोस्टन येथे त्यांच्या कार्यासाठी सभा स्थापन झाली, तिने दहा वर्षे मदत देण्याचे कबूल केले. त्या जोरावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीजवळ विधवांसाठी शारदासदन उघडले. पहिल्या विधवा विद्यार्थिनींतल्या गोदूबाई. ह्याच पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. एका दिव्याने दुसरा दिवा कसा लागतो पाहा.

१८९० साली सदन पुण्यास आले. तीन वर्षांतच गंभीर प्रसंग ओढवला. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली त्यात जाऊन बसत. येथे मुलींना बाटविले जाते, असा गवगवा झाला. वर्तमानपत्रांतून टीका झाली. रानडे, भांडारकर ह्यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले आणि पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंना आपापल्या परीने दुःख होते, असे आज वाटते. रमाबाईंनी दार लावून घेतले नाही आणि कामही सोडले नाही.

आता त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी हाक. १८९६ साली मध्यप्रांतात दुष्काळ पडल्याच्या बातम्या आल्या. पुण्यात शारदासदन कसेबसे नीट चालले होते. अमेरिकेतून येणारा पैसा सदनातल्या मोजक्या मुलींपुरता होता. प्रकृती बेताची, कान अधू. आपल्यावर ही जबाबदारी नाही, असे मनाला समजावण्यास इतकी कारणे पुरेशी होती, आणि त्यांच्या मनाने ती पुढे करून पाहिलीही. पण वीस वर्षांपूर्वीचा दुष्काळ डोळ्यांपुढून हलेना. शेजारणीच्या दारात मुकी उभी राहिलेली मुलगी त्या स्वतःच होत्या! देव आपल्याला तिकडे जावयास सांगतो आहे, अशी त्यांची खात्री पटली आणि त्या निघाल्या.

तेथे अन्नछत्रांत आणि रस्त्यांवर त्यांनी जे पाहिले ते सांगवत नाही. हाडांचे सापळे झालेली मुले होती. त्याहून भयंकर म्हणजे एकट्या पडलेल्या मुलींना भाकरीचे आमिष दाखवून पळविणारे दुष्ट लोक तेथे टपून बसले होते. रमाबाईंनी मुली गोळा करावयास सुरुवात केली. पूर्वी शारदासदन उच्च जातीच्या विधवांसाठी होते. आता जात विचारावयाला वेळ कोठला? अंगावर चिंध्या, डोक्यात उवा, कातडीवर फोड, तोंडी शिव्या, अशा त्या मुली. कैकजणी मिळालेले अन्न चोरून लपवीत, कारण उद्या मिळेल ह्यावर विश्वासच नव्हता. सुमारे तीनशे मुली त्यांनी आणल्या.

इतक्यात पुण्यात प्लेग आला. शहरात एवढ्या मुली ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. शारदासदनाला उत्पन्न व्हावे म्हणून केडगावला माळरानाची सुमारे शंभर एकर जमीन घेतलेली होती. मुलींना घेऊन रमाबाई तेथे गेल्या, तंबू आणि गवती झोपड्या उभ्या केल्या, विहिरी खणल्या. हेच मुक्तिसदन. ह्याच धामधुमीत प्लेगच्या इस्पितळात बायकांना कशी वागणूक मिळते, ह्याविषयी त्यांनी १८९७ साली वर्तमानपत्रात सरकारविरुद्ध सडेतोड पत्र लिहिले. राज्यकर्त्यांचा आणि आपला धर्म एक म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मुलीच माणसे वाचवावयास तिकडे गेल्या. केडगावची वस्ती दीड हजारांच्या वर गेली.

इतक्या जणींना नुसते जेवू घालून भागत नाही, हे रमाबाई जाणून होत्या. विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, दुग्धालय, शेती, छापखाना, असे उद्योग त्यांनी सुरू केले. ज्या हातांनी भीक मागितली त्याच हातांनी खिळे जुळविले. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवीत. आणि फुलहॅमला जे बीज पडले होते त्याला फळ आले. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन हे वेगळे घर उघडले. पहिल्या दर्शनापासून हे फळ येईपर्यंत पंधराएक वर्षे गेली. दया अशी सावकाश पिकते.

शेवटची वर्षे त्यांनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालविली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक ह्या भाषा उतारवयात शिकल्या. साध्या खेडवळ बाईला कळेल अशी भाषा असावी, हा त्यांचा कटाक्ष होता. १९१९ साली सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मिरजेस मनोरमाबाई वारल्या. एकुलती एक लेक आणि कामाची वारसदार, दोन्ही एकदम गेली. तरी भाषांतराचे काम त्यांनी पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच देह ठेवला. केडगावची संस्था आजही चालू आहे. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले.

आता माझी गोष्ट सांगते. गेल्या वर्षी दिवाळीच्या फराळाचे काम जोरात असताना एक बाई दोन मुलींना घेऊन आपल्या मंडळाच्या दाराशी आली. नाव देत नाही. तिच्या घरच्या परिस्थितीविषयी वस्तीत नाही नाही ते बोलले जात होते, ते माझ्याही कानांवर होते. तिने काम मागितले. आपल्या नियमाप्रमाणे कामास घेण्यापूर्वी दोन सभासदांची शिफारस लागते. तशी तिच्याकडे नव्हती. खरे म्हणजे मी स्वतः एक शिफारस देऊ शकले असते आणि दुसरी मिळवून देणे अवघड नव्हते. पण मी नियमावर बोट ठेवले. ती काही न बोलता थोडा वेळ उभी राहिली. धाकटी मुलगी चकलीच्या परातीकडे पाहत होती. मग ती निघून गेली. मी मुलीच्या हातावर एक चकलीसुद्धा ठेवली नाही.

पुढे पावसाळ्यात वाचनालयातून रमाबाईंचे चरित्र हाती आले आणि त्या बाजरीच्या भाकरीच्या प्रसंगाशी मी थांबले. पुस्तक मिटून ठेवले. दुसऱ्या दिवशी त्या बाईची खोली शोधीत गेले, तो कुलूप. दोन महिन्यांपूर्वीच मुलींना घेऊन ती कोठेतरी गेली होती. कोठे, ते शेजाऱ्यांना ठाऊक नव्हते. अजून मला तिचा पत्ता लागलेला नाही. रमाबाईंच्या दारातील शेजारणीने शिफारस विचारली असती, तर पुढे हजारो मुलींचे काय झाले असते, हा विचार माझी पाठ सोडीत नाही.

देवाची हाक म्हणजे काहीतरी दिव्य असते, ढगांतून आवाज येतो, असे मला वाटे. रमाबाईंना तर नीट ऐकूही येत नव्हते. त्यांना हाक आली ती वर्तमानपत्रातल्या बातमीतून आणि स्वतःच्या जुन्या दुःखातून. मला ती आपल्याच मंडळाच्या दारात आली होती आणि मी तिला नियमाची वही दाखविली.

केडगावच्या स्टेशनावर मात्र मी ह्या वर्षी उतरले. मुक्तिसदनाच्या आवारातून हिंडताना आजीची आठवण झाली. ती असती तर तिलाही हाताला धरून नेले असते.

येत्या वार्षिक सभेत दोन शिफारशींची अट काढून टाकावी, असा ठराव मी मांडणार आहे. कामाची खोटी चौकशी नको असे माझे म्हणणे नाही. हिशेब चोख असावा, स्वच्छता असावी, पहिले आठ दिवस एखाद्या जुन्या भगिनीने नवीन बाईबरोबर बसावे. पण दाराशी आलेलीला प्रथम आत घ्यावे, पाणी द्यावे आणि मग वही उघडावी. ठरावाला अनुमोदन देण्यास कुणी तरी उभे राहावे, एवढीच सर्व भगिनींना माझी हात जोडून विनंती आहे.